कराड किड आणि इटालियन घोडा

टेक्ससमधला मराठी माणूस पन्नाशीला आला की त्याला काहीतरी होतं. मुलं कॉलेजला गेलेली असतात, घराचे हप्ते आटोक्यात आलेले असतात आणि शनिवारची सकाळ अंगावर येते. मग कोणी तबला काढतो, कोणी मागच्या अंगणातला कढीपत्ता जगवण्याला आयुष्य वाहून घेतो, तर कोणी महाराष्ट्र मंडळाच्या निवडणुकीला उभा राहतो. पहिल्याचा त्रास शेजाऱ्यांना, दुसऱ्याचा पाण्याच्या बिलाला, तिसऱ्याचा सगळ्यांना.

आमच्या ह्यूस्टनच्या एका मित्राने यातलं काहीच केलं नाही. त्याने १८७३ सालचं रिव्हॉल्व्हर घेतलं.

म्हणजे तसं ते अगदी नवंकोरं होतं. रचना १८७३ची, जन्म इटलीतला, पावती ह्यूस्टनची. या प्रकाराची अमेरिकेत एक रीतसर संघटना आहे, सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी. १९८७ साली ती कॅलिफोर्नियात निघाली. तिचे सभासद शनिवार-रविवारी एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून त्या काळातल्या हत्यारांच्या नकलांनी लोखंडी पाट्यांवर नेम धरतात. कापडी स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, बेसबॉलची टोपी चालत नाही आणि खरं नावही चालत नाही. प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं आणि ते जगात दुसऱ्या कुठल्या सभासदाचं असता कामा नये. डस्टी, रस्टी, डॉक, डेडवूड ही सगळी घराणी केव्हाच संपलेली. आमच्या मित्राने 'कराड किड' असा अर्ज केला. या नावावर दावा सांगणारा दुसरा कोणी निघाला नाही. मित्र चोपन्न वर्षांचा आहे, पण किड हे पद वयावर नसतं म्हणे.

"नाव कशाला हवंय वेगळं? पासपोर्टवर आहे की एक," वहिनी म्हणाल्या. आणि ते तरी इथे कोणाला उच्चारता येतंय, हे वाक्य त्यांनी पुढे हळूच जोडलं.

या रिव्हॉल्व्हरची वंशावळ पाहिली की माणूस गोंधळून जातो. मूळ हत्यार कोल्ट कंपनीचं. अमेरिकेच्या लष्कराने ते १८७३ साली स्वीकारलं, घोडदळासाठी साडेसात इंची नळी लावून. सॅम्युअल कोल्ट यांचं नाव त्याला कायमचं चिकटलं असलं तरी ते बिचारे १८६२ मध्येच वारले होते, त्यांनी हे हत्यार डोळ्यांनी पाहिलंच नाही. पुढे १९४० च्या सुमाराला कंपनीने ते बनवणं बंद केलं. दुसरं महायुद्ध दारात उभं असताना अंगठ्याने घोडा ओढायला कोणाला वेळ होता? मग टेलिव्हिजन आला, घराघरांत संध्याकाळी काऊबॉय दौडू लागले, आणि कोल्टला १९५६ साली तेच रिव्हॉल्व्हर पुन्हा काढावं लागलं. युद्धाने मारलेलं हत्यार मालिकांनी जिवंत केलं.

दरम्यान तिकडे उत्तर इटलीत, ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया नावाच्या डोंगरी गावात आल्दो उबेर्ती यांनी १९५९ साली आपला कारखाना काढला. हे गाव काही साधं नाही. बेरेटाची पेढी इथलीच आणि त्यांच्या दप्तरातली सर्वात जुनी पावती १५२६ सालची आहे, व्हेनिसच्या शस्त्रागाराला विकलेल्या १८५ नळ्यांची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाची शताब्दी तेव्हा जवळ येत होती आणि आजोबांचे गणवेश घालून लढाया खेळणाऱ्या नातवंडांना आजोबांची हत्यारं हवी होती. ती उबेर्तींनी पुरवली. मग सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने १९६४ पासून स्पेनमधल्या अल्मेरियाच्या रखरखाटात अमेरिकेचे सिनेमे काढले आणि त्यांतल्या हत्यारांसाठी ही इटालियन मंडळी हाताशी होतीच. ते सिनेमे पाहून मुंबईत 'शोले' सुचला आणि कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत घडून १९७५ साली तो पडद्यावर आला. 'शोले' पाहून कराडमधला एक मुलगा बिघडला. तो पुढे ह्यूस्टनला तेलकंपनीत लागला आणि इटलीत बनलेलं अमेरिकेचं हत्यार त्याने अमेरिकेत विकत घेतलं. एवढा वळसा घेऊन ही वस्तू जिथून निघाली तिथे परत आली, ती सुद्धा कोल्टच्या अस्सल हत्याराच्या निम्म्याहून कमी किमतीत. कराडच्या माणसाला यात अस्सलपणाचा प्रश्न दिसला नाही, फक्त सवलत दिसली.

अस्सलपणाचं प्रकरण मात्र इथल्या जाणकारांत फार नाजूक आहे. नळीखालचा स्क्रू समोरून हवा की आडवा, यावर मोठी माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. समोरून असेल तर रूप जुनं, आडवा असेल तर नंतरचं. पण इतकं करून नळीवर आणि सांगाड्यावर इटलीच्या सरकारी तपासणीचे शिक्के असतात, चौकटीत उत्पादनाच्या वर्षाची खूण असते आणि अमेरिकी कायद्यानुसार आयातदाराचं नाव-गावही कोरलेलं असतं. म्हणजे १८७३चा दिमाख मिरवणाऱ्या हत्यारावर त्याचा जन्मदाखला आणि रहिवासी दाखला, दोन्ही छापील. नवेपणा नको असेल तर आणखी पैसे मोजून जुनाट केलेला नमुना मिळतो. त्यावर कारखान्यातच निळा रंग उडवून, करडे डाग पाडून, कडा झिजवून दीडशे वर्षं एका दुपारीत घातलेली असतात. वस्तू आधी वापरून मग जुनी करायची पद्धत आपल्याकडे आहे, ती फार संथ आहे असं दिसतं.

रेंजवर आमच्याबरोबर आप्पा होते. आप्पा म्हणजे मित्राचे वडील, कराडहून चार-सहा महिन्यांसाठी आलेले, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. व्हिसावर आलेल्या पाहुण्याने अमेरिकेत बंदुकीला हात लावायचा नसतो. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण आप्पा आयुष्यात उंदरापलीकडे गेलेले नाहीत. त्यामुळे ते मागच्या बाकावर, गांधी टोपीवरून कानांचे मफ चढवून, प्लॅस्टिकचा चष्मा लावून बसले. मत देण्याला व्हिसाची अट नाही, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं.

"एवढ्या जवळून?" समोरची पाटी पाहून त्यांनी विचारलं. पाटी पंचवीस फुटांवर होती.

"खेळात एवढंच असतं, आप्पा."

"मग चप्पल फेकून मारली तरी लागेल की रे."

खरं तर अंतराच्या बाबतीत इतिहास कराड किडच्या बाजूने आहे. टूमस्टोन गावातली ओ. के. कोरालची चकमक, जिच्यावर हॉलिवूडने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं, ती २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झाली. दोन्ही पक्ष सुरुवातीला एकमेकांपासून जेमतेम काही फुटांवर उभे होते. साधारण तीस सेकंदांत तीसेक गोळ्या उडाल्या, तीन माणसं गेली, आणि तेवढ्या अंतरावरूनही कितीतरी गोळ्या कोणालाच लागल्या नाहीत. आप्पांच्या चपलेचा हिशेब कदाचित याहून बरा भरला असता.

आता हत्याराकडे येऊ. हातात घेतल्यावर पहिली जाणीव होते ती वजनाची, किलोच्या थोडं वर. दुसरी जाणीव अशी की ही मूठ कोणा अभियंत्याने आखलेली नाही, हातानेच ती घडवलेली आहे. नांगराच्या रुमण्यासारखी ती खाली वळते आणि करंगळीला जागाच उरत नाही. करंगळी मग मुठीच्या तळाखाली दुमडून ठेवायची. तिसरी जाणीव काडतुसं भरताना होते. ती अशी की, इथे कोणालाच घाई नव्हती.

सिलिंडर बाजूला उघडत नाही. घोडा अर्धा ओढायचा, म्हणजे सिलिंडर हाताने फिरायला मोकळा होतो. उजव्या अंगाला एक छोटं दार असतं, ते उघडायचं, आणि त्या फटीतून एकेक काडतूस आत सोडायचं. सिलिंडर टकटक फिरवायचा, दुसरं घर समोर आणायचं. घोडं तिथेच पेंड खातं. त्यातही नियम असा की सहा घरांत पाचच काडतुसं. एक भरायचं, एक घर मोकळं सोडायचं, पुढची चार भरायची, दार लावायचं, घोडा पूर्ण मागे घ्यायचा आणि अंगठ्याने धरून अलगद पुढे आणायचा, की तो बरोबर रिकाम्या घरावर येऊन बसतो. कारण जुन्या रचनेत घोड्याची चोच थेट काडतुसाच्या बुडावर टेकते आणि हत्यार नुसतं हातातून पडलं तरी बार उडू शकतो. इटालियनांनी यावर उपाय शोधले आहेत. काही नमुन्यांत सिलिंडरच्या आसाची खुंटी एक खाच आत ढकलली की घोडा पूर्ण पुढे येत नाही, तर अलीकडच्यांत चोच आपोआप मागे सरकते. तरी मैदानावरचा नियम पाचाचाच. परंपरा म्हटली की यंत्र सुधारलं तरी सोवळं सुटत नाही.

या पाचाच्या नियमाने मी अस्वस्थ झालो, कारण मला गब्बरसिंग आठवला. त्याच्यापुढे तीन माणसं उभी, हातात सहा गोळ्या. समान न्यायासाठी तो तीन हवेत उडवतो, सिलिंडर फिरवतो, तिघांवर एकेकदा चाप ओढतो, तिन्ही वेळा घर रिकामं निघतं, आणि मग उरलेल्या तीन तिघांना. गणित चोख आहे. पण गब्बर या संघटनेचा सभासद असता, तर त्याच्या हत्यारात पाचच गोळ्या असत्या, तीन हवेत गेल्यावर दोन उरल्या असत्या आणि तिघांतला एक जण नक्की घरी जेवायला गेला असता. सुरक्षेचे नियम पाळल्याने जीव वाचतात ते असे.

हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि मग तो उरलेला आयुष्यभर सांगत बसला असता."

आता बार. सिंगल ॲक्शन म्हणजे चाप एकच काम करतो, चढवलेला घोडा सोडण्याचं. घोडा चढवायचा तुम्हीच, अंगठ्याने, प्रत्येक बाराला. तो मागे येताना चार टक-टक आवाज करतो, आणि भक्त मंडळींची श्रद्धा अशी की ते सी, ओ, एल, टी असे उच्चार आहेत. इटालियन घोडाही इमानाने चारच आवाज करतो. उबेर्ती म्हणायचं तर सहा लागले असते.

इथे मला दिवाळीतली टिकल्यांची बंदूक आठवली आणि एक जुना हिशेब उलटा झाला. लाल कागदी टिकल्यांचा रोल घातलेल्या त्या पत्र्याच्या बंदुकीचा आकार, ती मूठ, तो घोडा, सगळं याच हत्याराचं पोर. पण तिच्यात नुसता चाप दाबला की घोडा आपसूक मागे जायचा आणि टिकलीवर आपटायचा. म्हणजे दोन कामं एका चापात, ज्याला डबल ॲक्शन म्हणतात ते. कोल्टने असं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं १८७७ साली. दिवाळीच्या बाजारातली आमची बंदूक, तंत्राच्या दृष्टीने, कराड किडच्या सहाशे डॉलरच्या वस्तूच्या चार वर्षं पुढे होती.

चाप मात्र अप्रतिम. घोडा आधीच चढवलेला असल्यामुळे त्याला काही ओढायचं नसतं, बोटाने नुसता विचार केला की सुटतो. मग जे होतं त्याची धास्ती मी वाचनावरून घेतली होती. पंचेचाळीस बोअरची ही गोळी साडेसोळा ग्रॅमची, शिशाची, जाडजूड आणि आजच्या मानाने आरामात जाणारी. आधुनिक पिस्तूल मनगटाला फटका मारतं. हे तसं करत नाही. त्या रुमण्याच्या आकारामुळे मूठ तळहातात गर्रकन वर फिरते, नळी आकाशाकडे बघते, आणि घोडा आपोआप अंगठ्याखाली येऊन थांबतो, पुढच्या बाराला तयार. धक्का पाठीमागे न देता वर देण्याची ही युक्ती इतकी सुरेख आहे की पहिल्या बारानंतर मी हसलो. रेंजच्या अधिकाऱ्याने संशयाने पाहिलं. बंदूक हातात घेऊन एकटं हसणाऱ्या माणसाकडे कुठल्याही देशात असंच पाहतात.

लोखंडी पाटी वाजली की जो टण्ण आवाज येतो त्याची सवय लागते. कागदावर भोक पडलं की आपण जवळ जाऊन मोजतो, वाद घालतो. पाटी मात्र लगेच निकाल देते.

बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवर ज्यांची सुट्टी गेली, त्यांना रिव्हॉल्व्हर ही वस्तू खिशातून क्षणात बाहेर येणारी म्हणून माहीत. झुंजार असो नाही तर धनंजय, हत्यार रोखायला त्यांना अर्धी ओळ पुरायची आणि ते पुन्हा भरण्याबद्दल कोणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. खऱ्या प्रकारात रोखणं हा सर्वात छोटा भाग आहे. पाच बार झाले की घोडा अर्धा ओढायचा, दार उघडायचं, नळीखालची दांडी मागे ढकलून एक रिकामं पुंगळं बाहेर काढायचं, सिलिंडर फिरवायचा, दुसरं काढायचं. असं पाचदा. मग भरणं पुन्हा पाचदा. या काळात खलनायकाने वाट पाहायची. झुंजारच्या हाती हे दिलं असतं तर कथेला मध्ये एक प्रकरण वाढवावं लागलं असतं.

आणि आश्चर्य म्हणजे सगळी गंमत इथेच आहे. ज्या गावात जेवण गाडीत बसून खिडकीतून मिळतं, बँकेचा चेक गाडीत बसून वटतो, त्या गावातली माणसं शनिवारी इथे येऊन, गोळीमागे जवळजवळ एक डॉलर मोजून, एकेक पुंगळं दांडीने बाहेर ढकलतात आणि ते करताना गप्पा मारतात. शेजारच्या कट्ट्यावर एक तरुण आधुनिक पिस्तुलाच्या पंधरा गोळ्या काही सेकंदांत उडवून मोकळा झाला आणि घड्याळ बघू लागला. कराड किडचं तोपर्यंत तिसरं काडतूस भरून व्हायचं होतं. तो शेजारच्या आजोबांना कढीपत्त्याबद्दल विचारत होता.

अर्थात वेगाची ओढ लष्करालाही लागली होतीच. १८९२ साली त्यांनी हे जुनं पंचेचाळीस बोअरचं बाजूला ठेवून अडतीस बोअरचं नवं, डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर घेतलं. मग फिलिपिन्सच्या लढाईत समोरून धावत येणारा माणूस त्या अडतीसने थांबेना, तेव्हा नळ्या साडेपाच इंचांवर कापलेली जुनी हत्यारं पुन्हा सैनिकांच्या हाती आली.

"म्हणजे निवृत्तीनंतर मुदतवाढ," आप्पा म्हणाले. त्यांना स्वतःला ती मिळाली नव्हती. या रिव्हॉल्व्हरबद्दल त्यांनी काढलेला तो पहिला आदराचा उद्गार होता.

दुपारी कराड किडने खास डबा उघडला. काळ्या दारूची काडतुसं. आजची बिनधुराची दारू १८७३ साली नव्हती. तेव्हाचं काडतूस म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ते उडवलं की आवाज बदलतो, टण्णपेक्षा धडाम जास्त, आणि समोर असा पांढरा ढग उठतो की पाटी, मैदान, टेक्सस सगळं नाहीसं होतं. वास थेट लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा. नेम लागला की नाही हे मागे बसलेला आप्पांसारखा माणूसच सांगू शकतो. जुन्या सिनेमांत नायक नळीच्या तोंडावर फुंकर मारतो, पण धूर तर सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतूनही सुटतो, चहूबाजूंनी. फुंकर कुठे कुठे मारायची?

या दारूची राख ओल धरते आणि लोखंडाला गंज चढवते, म्हणून त्याच दिवशी हत्यार गरम पाणी आणि साबणाने धुवावं लागतं. त्याला दुसरा इलाज नाही. त्या संध्याकाळी ह्यूस्टनच्या एका स्वयंपाकघरात, पितळी बकलाचा पट्टा कमरेला तसाच ठेवून, कराड किड सिंकपाशी उभा राहून सिलिंडर घासत होता. वहिनी आल्या, त्यांनी दोन मिनिटं पाहिलं.

"हात साबणाचे आहेतच, तर ती चहाची पातेली पण घ्या," त्या म्हणाल्या.

पातेली झाल्यावर मुख्य प्रश्न पुढे आला. दिवसभराचे सगळे बार धरल्या जागेच्या खाली बसत होते, हात कोणाचाही असो. यावर उपाय ठरलेला आहे. या हत्याराला मागची माशी नाहीच, वरच्या पट्टीत नुसती एक चर आहे. पुढची माशी म्हणजे नळीवर बसवलेलं पात्याचं एक पान, पक्कं, हलत नाही. गोळी खाली जात असेल तर ते पान कानशीने घासून बुटकं करायचं, म्हणजे नेम धरताना नळी थोडी वर उचलली जाते आणि गोळी वर बसते. पाच घास, मग चार बार, मग पुन्हा पाच घास. जास्त घासलं गेलं की पुन्हा वाढवता येत नाही.

आप्पांनी कानस मागितली. हत्याराला नव्हे, नुसत्या कानशीला हात लावायला कायद्याची हरकत नसावी. अंगठ्याने दात तपासून त्यांनी ती मुलाला परत दिली.

"एक विचारू का? इटलीवाल्यांना माहीत नव्हतं का, ही खाली मारते म्हणून?"

"माहीत असतं, आप्पा. ते मुद्दाम उंच ठेवतात. प्रत्येकाची पकड वेगळी, काडतूस वेगळं, दारू वेगळी. शेवटचा नेम ज्याचा त्याने बसवायचा."

आप्पांनी यावर बराच वेळ विचार केला.

"आमच्या खात्यात," ते म्हणाले, "याला काम अपुरं म्हणायचे. आणि शेवटचं बिल अडवायचे."